दाजींच्या आवाजाएवढी जागा

दाजी,

तुम्ही लावलेल्या गिटारच्या सेटिंगला मी हात लावला. रविवारी सकाळी, तुमच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तुमच्या आठवणीचा, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, मळवलीच्या समाजमंदिरापुढच्या अंगणात. दुसऱ्या कुणी येऊन कान भरण्याआधी मीच सांगून टाकतो, कारण आपल्या गाण्याच्या पार्टीत गायकांची टंचाई असायची, चहाडी करणाऱ्यांची कधीच नव्हती.

खरं तर हे सांगायला मला दुसरं माणूसही नाही. बायकोसमोर 'मिडल' आणि 'ट्रेबल' हे शब्द काढले की तिला जांभई येते. तळेगावच्या आमच्या सोसायटीत गिटार वाजवणारा मी एकटा, आणि तो कधी थांबणार एवढ्याच विषयात लोकांना रस आहे. गिटारच्या आवाजावरून माझ्याशी तासन् तास भांडणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीनं माझ्यासाठी लग्न करून आणून ठेवलं होतं. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या ताईसंगं माजं लगीन झालं, पर संसार पावण्यासंगं चाललाय." ताई आतून भांडं आपटायची.

आठवतो तो माझा गिटारचा जुना अँप, स्पीकरसकटचा? मला त्याचा किती अभिमान होता. गाडीत मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावायचो, आणि बायकोला मात्र पट्टा लाव म्हणून सांगायला विसरायचो. मळवलीला पोचलो की तो उतरवून घ्यायला तुम्ही यायचात, एका बाजूनं धरायचात आणि दर वेळी म्हणायचात, "पावणं, ह्यात कापूस भरलाय का धोंडं?" मी म्हणायचो, आवाज भरलाय. एक दिवस तो आवाज माझ्या कमरेत भरला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली, आणि मी बाजारातला सगळ्यात स्वस्त प्रोसेसर घेऊन आलो. जगातल्या सगळ्या मोठ्या अँपची हुबेहूब नक्कल करणारी, दोन पावलांच्या जागेत मावणारी पेटी. दुकानदार म्हणाला, ह्यात सगळं आहे. तुम्ही ती उलटी केलीत, सुलटी केलीत, मला वाजवायला लावलंत आणि विचारलंत, "सगळं हाय, तर मग काडेपेटीतनं आल्यावानी का येतंय?" त्या दिवसापासून तिचं नाव 'डबा' पडलं. "पावण्याचे दोन डबे. एक जेवणाचा, एक वाजवायचा. दोनी गार."

पहिली चूक माझी होती, ती मी तेव्हाही कबूल केली होती. घरी कानाला हेडफोन लावून मी आवाज तयार केले. हेडफोनमध्ये माणूस एकटा असतो आणि एकट्या माणसाला आपला आवाज फार मोठा वाटतो. मी घुमारा वाढवला, त्यावर प्रतिध्वनी चढवला, वर थोडा खरखरीत जोर दिला. कानात असं वाटलं की मी डोंगरावर उभा आहे. मग कार्ल्याच्या जयंतीच्या कार्यक्रमात, भाताच्या मोकळ्या खाचरात घातलेल्या मांडवात, तो आवाज मोठ्या स्पीकरमधून सोडला. ढोलकीवाले आबा दुसऱ्या ओळीवर पोचले तरी माझी पहिली ओळ अजून हवेत फिरत होती. पुढच्या रांगेत सोनामावशी शेजारणीला म्हणाली, "आगं, कुणी हिरीत पडलंय का काय?" तुम्ही माइकसमोर उभे होतात, गाणं मध्यावर होतं, आणि तुमचे खांदे हलत होते. रडताय असं लोकांना वाटलं. टाळ्या पडल्या.

दुसरी चूक मात्र तुमची, दाजी, आणि ती तुम्ही शेवटपर्यंत हॉलच्या नावावर टाकलीत. तुमचं म्हणणं, हेडफोन फेकून द्या, आवाज हवेत लावायचा असतो. बरोबर होतं. पण हवा कुठली निवडलीत? मुंबईच्या साहेबांचा जो बंगला तुम्ही सांभाळायचात, त्याचा हॉल. दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडून वारा खेळवायचा, एवढं साहेबांचं सांगणं, त्यात गिटार वाजवू नका असं कुठं म्हटलं होतं? खाली गुळगुळीत फरशी, समोर भिंतभर काच, सामान नावालासुद्धा नाही. डब्यातला सगळा घुमारा बंद करून मी एक साधी तार छेडली आणि ती काय फुलली. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. फिनेलनं आलं, असं तुम्ही म्हणालात.

तेच सेटिंग घेऊन आपण उघड्या मैदानावर गेलो. तिथं फरशी नव्हती, काच नव्हती, सरळ डोंगरापर्यंत मोकळं रान. आवाज असा कोरडा आला की भाजलेला पापड मोडावा. मी रागानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हॉल आणायचा ऱ्हायला."

पण मग आपल्याला वाट सापडली, आणि ती तुमच्या हट्टामुळं सापडली हे मी आज लेखी देतो. जिथं वाजवायचं तिथंच लावायचं. जेवढ्या मोठ्यानं वाजवायचं तेवढ्याच मोठ्यानं लावायचं. आणि एकटी गिटार ऐकायचीच नाही, ढोलकी आणि गाणं सोबत घेऊन ऐकायची. मी स्टेजवर, आबा ढोलकीवर, एखादा पोरगा गाणं म्हणायला, आणि तुम्ही मांडवाच्या शेवटच्या रांगेत बायकांच्या घोळक्यात जाऊन बसलेले. तिथून हातानं खुणा. जोर कमी. घुमारा कमी. खालचा घुमणारा भाग कापा. कान टोचणारी वरची किणकिण कापा. मधला भाग थोडा वर आणा. मला वाटायचं, डब्यात दुकानदारानं जे जे भरून दिलं होतं ते हा माणूस एकेक करून काढून टाकतोय.

एकदा तुम्ही सोनामावशीला विचारलंत, "मावशे, गिटार आयकू येतीया का?"

"गाणं येतंय की चांगलं. गिटार कुटंय?"

मी स्टेजवरून ते ऐकलं आणि माझं तोंड उतरलं. तुम्ही मात्र धावत आलात आणि म्हणालात, "झालं. आता हात लावू नगा." कारखान्यात मी माल तपासणीला आहे. माल बरोबर असला की कुणी काही बोलत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. तरी त्या दिवशी मला तुमचं म्हणणं कळायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

आता त्या सेटिंगकडे येतो.

तुमचा आवाज जड. छातीतून यायचा, बैलगाडी दगडावरून जावी तसा. तुम्ही स्वतः केलेलं ते गाणं म्हणायला लागलात की माझी गिटार नेमकी त्याच उंचीवर येऊन तुम्हाला धडकायची. ते गाणं म्हणजे तुमच्या आईनं तुम्हाला पावसाळ्यात शाळेत पोचवलं त्याचं.

*चिखलात रुतला पाय, माय म्हणे काढ पुढं*
*पाटी नको भिजू देऊ, भिजू दे माझं लुगडं*

'लुगडं'वर तुम्ही खाली उतरायचात आणि तिथंच सगळा विचका व्हायचा. तुम्ही म्हणालात, "एका खुर्चीत दोन माणसं बसल्यावानी व्हतंय. तुमी उटा." मग डब्यात त्या उंचीचा सूर आपण कमी करत गेलो, कमी करत गेलो, तुमचा आवाज मोकळा होईपर्यंत. ते झाल्यावर मी एकटी गिटार वाजवून बघितली. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी.

म्हटलं, "दाजी, पोकळ वाटते हो."

"वाटू द्या. त्या पोकळीत मी हाय."

आणि खरंच, तुम्ही गायला लागलात की पोकळ काही राहायचं नाही. माझी गिटार आणि तुमचा आवाज मिळून एकच काहीतरी भरलेलं यायचं, त्यात माझं किती आणि तुमचं किती हे शेवटच्या रांगेतून कुणाला सांगता आलं नसतं. माझ्या हातून आयुष्यात जे थोडंफार चांगलं वाजलं ते त्या एका सेटिंगमध्ये वाजलं. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती. मी तुम्हाला बेसूर म्हणायचं, तुम्ही मला काडेपेटी म्हणायचं, आणि ताईनं दोघांना जेवायला बोलवायचं.

भांडण अर्धं राहिलं ते अँपचं. गिटार वाजवणाऱ्याच्या मागं अँप पाहिजे, त्याच्या आवाजानं पँटला वारा लागला पाहिजे, असं मी म्हणायचो. "ऐकणाऱ्याला तुमच्या पँटचं काय?" असं तुम्ही. डबा सरळ मोठ्या स्पीकरला जोडायचा, विषय संपला. तरी मी हट्टानं तो डबा माझ्या जुन्या अँपला जोडला आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा आला. तीन शनिवार आपण एकमेकांना दोष दिला. मग तुम्हीच एक बटण दाबलंत. डबा आधीच स्पीकरची नक्कल करून पाठवत होता आणि माझ्या अँपला स्वतःचा खरा स्पीकर होता, म्हणजे स्वेटरवर स्वेटर. नक्कल बंद केली आणि माझा अँप असा बोलला की मी तुमच्याकडं विजयानं बघितलं.

तुम्ही बराच वेळ ऐकलंत. "चांगलं वाजतंय," म्हणालात. तुमच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग म्हणालात, "पर उचलायचं कुनी? बगू, फुडच्या शनिवारी बोलू."

पुढच्या शनिवारी तुम्ही नव्हतात.

तिसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, "पुण्यानुमोदनाला त्यांचं गाणं व्हायला पायजे. प्रज्ञा म्हनंल." मी म्हटलं, पोरीला झेपेल का, ती रडेल. ताई म्हणाली, "रडायचं ते घरी. तितं गाणं म्हनायचं." तुमची प्रज्ञा आता कामशेतला शाळेत शिकवते, चाळीस पोरांना आवाजानं धरून ठेवते, पण बापाचं गाणं बापाच्या फोटोसमोर म्हणणं वेगळं. गाणं नीट झालं नाही, तर ती पुन्हा कधी म्हणणार नाही, हे मला तिच्याकडं बघूनच कळत होतं. आणि तिनं नाही म्हटलं तर ते गाणं म्हणणारं दुसरं कोण आहे?

रविवारी सकाळी अंगणात आम्ही बसलो. पट्टी अर्थातच वर घेतली, तुमच्या पट्टीत प्रज्ञा गुरगुरल्यासारखी वाटत होती. मी डब्यावर तुमचं सेटिंग लावलं. तिनं पहिली ओळ म्हटली. खाली काहीच नाही आणि वर माझ्या तारा तिच्या गळ्यावर चढतायत. ती जोर लावायला लागली. दुसऱ्या ओळीला ओरडायला लागली. मग थांबली.

"मामा, हे जरा बदला ना."

मी म्हटलं, "ही बाबांची जागा आहे गं."

"माहितीये. पण ती त्यांच्या मापाची आहे. मला खाली ढगळ होते आणि वर काचते."

मी म्हटलं, तू हळू गा, मी हळू वाजवतो. तसं केलं, जास्तच वाईट झालं. ढोलकीवाले आबा आभाळाकडं बघत बसले. प्रज्ञा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मग राहू दे मामा. मी नुसती वंदना घेते. गाणं नको." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते सेटिंग डब्यातल्या दुसऱ्या नंबरवर जपून ठेवून नवीन करता आलं असतं. मी तसं करायलाच बसलो होतो. बोट बटणावर होतं. आणि मला तुम्ही आठवलात. कुठल्याही कार्यक्रमात मी म्हणायचो, मागच्या वेळी चांगलं लागलं होतं, तेच ठेवू. तुम्ही म्हणायचात, "लेण्यावर कोरलंय का? फिरवा की." म्हणून मी आधी ते सेटिंग एकट्यानं वाजवून बघितलं, कुणी गात नसताना. पोकळ गिटार, दाजी. नुसती पोकळ गिटार. त्यात तुम्ही नव्हतात. तुम्ही गायचात तेव्हा होतात. ते जपून ठेवून मी पुढं कधी काय ऐकणार होतो?

मग फिरवलं. जे कमी केलं होतं ते हळूहळू परत आणलं, आणि वरती, जिथं पोरीचा आवाज आहे, तिथं थोडी जागा केली. ऐकायला शेवटच्या रांगेत माणूस नव्हतं, म्हणून मीच गिटार गळ्यात अडकवून लांब वायर ओढत मागं जायचो, वाजवून ऐकायचो, पुन्हा डब्यापाशी येऊन थोडं फिरवायचो. वायर माझ्यामागून दावं तुटलेल्या म्हशीसारखी येत होती. खुर्च्या मांडणाऱ्या बायका ती उचलून धरायच्या, मी खालून जायचो. सोनामावशी म्हणाली, "ह्याला कुनी बांदून घाला." सातव्या-आठव्या खेपेला प्रज्ञानं ओळ म्हटली आणि ती सरळ मागपर्यंत आली, कसलाही जोर न लावता. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "आता टेकला पाय," म्हणाली.

कार्यक्रम नीट झाला. पंचशील झालं, माणसं बोलली. तुमच्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलले की तुम्ही असतात तर उठून चहा बघायला गेला असतात. मग गाणं. पहिलं कडवं तिनं असं म्हटलं की मी मान खाली घालून फक्त बोटांकडं बघत राहिलो. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

आबांनी ढोलकीचा हात हलका केला, पण सोडला नाही. मी काय करावं हे मला सुचलं नाही, बोटांना सुचलं. तिची ओळ मी तारांवर घेतली, खालच्या सुरांत. सकाळी जे परत आणलं होतं ते तिथं होतं, दाजी. तुमच्या सेटिंगवर ती ओळ मला धरता आली नसती, नुसती खळखळ झाली असती. आता ती भरून वाजली. अंगणातली माणसं हळू आवाजात शब्द म्हणायला लागली. कितीतरी जणांना ते गाणं पाठ होतं, मला माहीतच नव्हतं. ध्रुपदातल्या 'पाटी नको भिजू देऊ'वर प्रज्ञा परत आली आणि शेवटपर्यंत गेली. मी एकदाही मध्ये माझा तुकडा घातला नाही. तुम्ही खूश झाला असतात, आणि तसं बोलला नसतात.

जेवणं झाल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. ताई येऊन शेजारी उभी राहिली. म्हणाली, "लय चांगलं गाणं हाय रं."

मी म्हटलं, "ताई, आज काय नवीन ऐकलंस का? इतकी वर्षं ऐकतेयस."

"कुटं आयकते? दर टायमाला मी मागं भातापाशी. स्पीकरच्या पाठीमागं नुसतं धूं-धूं येतं. आज कुनी चुलीला हात लावू दिला न्हाई म्हनून पुढं बसले." मग तिनं विचारलं, "ते लुगडं सासूबाईंचं व्हय?"

मी म्हटलं, व्हय.

आपण दोघं, दाजी, इतकी वर्षं मांडवातली प्रत्येक खुर्ची तपासत फिरलो. स्पीकरच्या मागं कुणी आहे का, हे ना तुम्हाला सुचलं ना मला. मला हसूही आलं आणि हातातली वायर पुन्हा सगळी सुटली. ताईनं ती माझ्या हातातून घेतली, तुम्ही घालायचात तशी कोपरावर गुंडाळायला लागली आणि म्हणाली, "जयंतीला प्रज्ञाच म्हनंल. मी पुढं बसनार. भाताचं तुमचं तुमी बगा."

भात लावायला मी तयार आहे असं मी जाहीर केलं, त्यावर सगळे जेवढे हसले तेवढे त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले.

तुम्ही मला जे दिलंत त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, आणि इथं शिकायला वेळही नाही, कारण प्रज्ञानं शनिवारी सरावाला बोलावलंय. नवीन सेटिंग मी तुमच्याच नंबरवर सेव्ह केलं आहे. जयंतीचं मैदान मोठं आहे, तिथं ते पुन्हा फिरवावं लागेल.